घरातल्या सगळ्यांना जमतील असे बोर्ड गेम सुचवा (आणि माळ्यावर जाणारे आधीच सांगा)

पेरूची_फोड

गेल्या दिवाळीत मी एक शहाणपणा केला. बोर्डगेमगीक नावाच्या साइटवरच्या यादीत 'ब्रास: बर्मिंगहॅम' पहिल्या नंबरावर दिसला. म्हटलं, पहिला आहे म्हणजे चांगलाच असणार, आणि मागवला. पाडव्याला जेवणं उरकल्यावर हॉलमध्ये सतरंजी टाकून मांडला. चारच जण खेळू शकतात हे तेव्हा कळलं, मग जोड्या पाडल्या. मी नियमांचं पुस्तक वाचून सांगतेय: आधी कालवे, नंतर रेल्वे, कोळसा, लोखंड, कर्ज काढलं की उत्पन्न तीन पायऱ्या खाली. आई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "कापूस विकायला बिअर कशाला लागते गं?"

याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पाऊण तासाने मान वर केली तर सतरंजीवर मी आणि तेरा वर्षांचा भाचा, दोघंच. बाकीचे आतल्या खोलीत मेंढीकोट खेळत होते. ब्रास तेव्हापासून माळ्यावर.

यंदा परत नऊ जण जमणार आहोत. आई ७१ वर्षांची. इंग्रजी वाचायचा कंटाळा, पण पडलेली पानं तिच्या डोक्यात पक्की असतात. लेक ९ वर्षांची. नवरा हरायला लागला की फोन काढतो. भावजयीला भांडणाचे खेळ नकोत. 'व्यापार' आमच्याकडे बंद आहे, कारण एका कागदी हॉटेलवरून दोन सख्खे भाऊ भाऊबीजेपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. बजेट सहा हजारांपर्यंत. काय घेऊ?

उगाच_आपलं

रुमाल टाकून ठेवतो. कॅरम आणा, पावडर आणा, विषय संपला.

श्टुटगार्टकर

पेरूताई, तुमची चूक खेळात नाही, यादी वाचण्यात झाली. त्या साइटवर १० पैकी गुण देणारे लोक मुळात आठवड्यातून दोनदा टेबलाला चिकटणारे असतात. त्यांना चावायला कठीण असंच आवडतं. ते ब्रासला पहिला नंबर देतात ते बरोबरच आहे, पण तो त्यांच्या टेबलावरचा पहिला नंबर. तिथेच प्रत्येक खेळाचं 'वजन', म्हणजे तो किती अवघड आहे, ते सांगणारा आणखी एक आकडा असतो, ५ पैकी. ब्रास ४ च्या आसपास, कटान २ च्या थोडा वर, तिकीट टू राइड २ च्या आत. सतरंजीवर बसणाऱ्या घराने रँक न बघता हा आकडा बघावा. २ च्या आत सुरुवात करा.

दुसरी खूण डब्यावरची. मी राहतो त्या जर्मनीत 'श्पील देस यारेस' म्हणजे वर्षातला उत्तम खेळ असा मान १९७९ पासून देतात. ज्याला मिळतो त्याच्या डब्यावर लाल सोंगटी छापलेली असते. निवडताना नियम सुटसुटीत आहेत का, घरच्यांना खेळता येईल का, याला किंमत असते. कटान १९९५, कार्कासोन २००१, तिकीट टू राइड २००४, अझुल २०१८ हे सगळे लाल सोंगटीवाले. २०११ पासून थोड्या मुरलेल्या खेळाडूंसाठी वेगळा मान आहे, त्याची सोंगटी काळपट राखाडी. दुकानात उभं राहून काहीच कळेनासं झालं तर लाल सोंगटी शोधा, फार फसत नाही माणूस.

आता व्यापारबद्दल. ज्या मोनोपॉलीवरून तो आला, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या खेळात आहे. त्यांनी १९०४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि हेतूच हा होता की जमिनीचं भाडं खाऊन एकजण कसा गब्बर होतो आणि बाकीचे कसे भिकेला लागतात ते दिसावं. म्हणजे तुमच्याकडचे दोघे भाऊ खेळ अगदी बरोबर खेळले! तिथे दोन गोष्टी डोकं फिरवतात. हरलेला बाहेर जाऊन बसतो, आणि खेळ कधी संपेल ते कुणाला सांगता येत नाही. कटान आला आणि यातलं बरंच बदललं. तिथे कुणी बाद होत नाही, १० गुण झाले की खेळ खलास, आणि फासे दुसऱ्याने टाकले तरी आपल्या गावाला वीट किंवा गहू मिळू शकतो, त्यामुळे लक्ष लागून राहतं. तो बनवणारे क्लाउस टॉयबर पेशाने डेंटल टेक्निशियन होते. दिवसा कवळ्या, रात्री तळघरात खेळ. कटान ज्यांनी काढला ते प्रकाशक माझ्याच गावातले.

पण तुमच्या घरासाठी माझं मत तिकीट टू राइडला. आपल्या पाळीत तीनपैकी एकच काम: रंगीत पानं उचला, किंवा तेवढ्या पानांत नकाशावरचा एक टप्पा आपल्या रेल्वेच्या डब्यांनी भरा, किंवा नवीन तिकिटं घ्या. तिकिटावर दोन शहरं असतात, ती जोडायची. जोडली तर गुण अधिक, नाही जोडली तर तेवढेच वजा. एका डब्याच्या टप्प्याला १ गुण, तीनच्या ४, पाचच्या १० आणि सहाच्या थेट १५. त्यामुळे 'अजून एक पान आलं की टाकतो' म्हणत लोक थांबतात आणि तेवढ्यात दुसरा तो टप्पा खाऊन जातो. प्रत्येकाकडे ४५ डबे, ते संपत आले की खेळ संपत आला हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं. वाचायची ती शहरांची नावं, बस्स. अवांतर: याचा भारताचा नकाशाही निघालाय, २०११ मध्ये, पण तो चौघांपुरता आणि त्याला मूळ खेळ लागतोच.

खडूस_खार

कटानला एवढं डोक्यावर घेऊ नका. 'कुणी बाद होत नाही' म्हणे! दोन फाशांत ६ किंवा ८ पडायच्या ३६ पैकी पाच-पाच शक्यता, २ आणि १२ ची एकेकच. सुरुवातीला क्वचित पडणाऱ्या आकड्यांवर गावं बसवलीत की पुढचा दीड तास तुम्ही बादच, फक्त टेबलावरून उठायची परवानगी नाही. त्यात ७ पडला की चोर येऊन बसतो. मी एकदा अख्खा खेळ "मेंढी घ्या, वीट द्या" म्हणत भाजीवालीसारखा ओरडलो. कुणी ढुंकून बघितलं नाही.

श्टुटगार्टकर

हे मान्य. पहिली दोन गावं बसवणं हाच अर्धा कटान आहे आणि नवख्याला ते कुणी सांगत नाही. म्हणूनच पहिला खेळ म्हणून तो सुचवला नाही. शिवाय मूळ डबा तीन-चार जणांचाच, पाच-सहासाठी वेगळा जोड-डबा घ्यावा लागतो.

खडूस_खार

मग वाद संपला, चहा घ्या. पेरूताई, आणखी एक. विकत घ्यायच्या आधी कुठे तरी एकदा खेळून बघा. पुण्यामुंबईत आता तासावर पैसे घेऊन खेळू देणारे कॅफे आहेत. मी एकदा असाच एक डबा नुसता चित्रं बघून घेतला होता. घरी आल्यावर कळलं की खेळ मांडायलाच अर्धा तास लागतो, आणि आवरायला त्याहून जास्त. ही गोष्ट कुठल्याच परीक्षणात लिहिलेली नव्हती. आता मी आधी विचारतो: मांडायला किती वेळ, आणि मांजर पटावरून चालत गेलं तर पुन्हा लावता येतो का?

तीनशे_चार

पत्ते म्हटलं की आमच्या कोकणातल्या माणसाला राहवत नाही. मेंढीकोट खेळणाऱ्या आईंसाठी 'द क्रू' घ्या. २०१९ चा आहे, त्या राखाडी सोंगटीचा मान २०२० मध्ये मिळाला. डब्यावर अंतराळवीर बघून घाबरू नका, आत निव्वळ पत्ते आहेत. चार रंग, प्रत्येकात १ ते ९. शिवाय रॉकेटची चार पानं, तोच कायमचा हुकूम. उतारीचा रंग असेल तर तोच टाकायचा, नसेल तर मारा हुकूम किंवा टाका काहीही. एवढं आईंना येतंच, म्हणजे नियमांचं अर्धं पुस्तक फाडून टाकलंत तरी चालेल.

फरक एवढाच की सगळे एका बाजूला. डावाच्या सुरुवातीला कामं वाटून घ्यायची: गुलाबी सहा पडलेला हात वहिनींनीच जिंकला पाहिजे, हिरवा तीन पडलेला भाच्याने. तसं झालं तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले. आणि बोलायचं नाही. डावात एकदा आपलं एक पान उघडं ठेवून त्यावर खूण लावता येते की 'या रंगातलं हे माझं सगळ्यात मोठं', 'सगळ्यात लहान' किंवा 'एकुलतं एक'. बाकी चूप. मेंढीकोटात भिडूला खाकरून, नाक खाजवून खुणा करणारे जे काही महाभाग असतात ना, ते इथे उघडे पडतात. पन्नास मोहिमा आहेत. पहिली दोन मिनिटांत होते, नंतर घाम फुटतो. पाचजणांपर्यंत चालतो. भावजयीचा भांडणाचा प्रश्नही मिटला, कारण भांडायला समोर कुणी नाही. (आमच्याकडे तरी भांडले, पण ते आमचं घर.)

अवांतर: सावंतवाडीला कधी गेलात तर राजवाड्यात गंजिफा बघा. दशावतारी गंजिफात १२० पानं, गोल, लाखेचं काम, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि १ ते १०. गंमत म्हणजे निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्यांत एक्का मोठा. आपल्या आज्यांना 'वजन' ४ चे खेळ चालत होते म्हणायचे.

मांडवीकाठ

पणजीहून. अझुलचं नाव वर आलंय म्हणून. हा खेळ पोर्तुगीज फरश्यांवर, अझुलेजवर बेतलेला आहे, आणि आमच्याकडे त्या फरश्या घराघरांच्या पाट्यांवर आहेत. मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाच्या दालनात तर भिंतभर निळ्या फरश्यांत एका पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत. पर्यटक फोंतैन्हाशमधल्या भिंतींपुढे फोटो काढून जातात आणि हे बघायचं राहून जातं.

खेळ असा: पाच रंगांच्या प्रत्येकी २० फरश्या पिशवीत. गोल चकत्यांवर चार-चार मांडायच्या. आपल्या पाळीत एका चकतीवरच्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, उरलेल्या मधोमध सरकवायच्या. आपल्या पाटीवरची ओळ भरली की एक फरशी भिंतीवर जाते. एक अक्षर वाचायला लागत नाही. फरश्या हाताला गुळगुळीत, मुखवासाच्या गोळ्यांसारख्या, पिशवीत हात घालून ढवळताना जो आवाज येतो तो ऐकण्यासाठी माझी मुलगी आपण होऊन मांडायला बसते.

पण भावजयीसाठी सावध. दिसायला हा खेळ सालस आहे, स्वभावाने नाही. चकत्या संपत आल्या की मधोमध एकाच रंगाचा ढीग साठतो आणि कुणाला तरी तो उचलावाच लागतो. जागा नसेल तेवढ्या फरश्यांचे गुण वजा. तो ढीग शेजारच्याच्या गळ्यात कसा पडेल हे बघणं, हाच खरा खेळ. माझा नवरा चार फरश्या गळ्यात घेऊन दुपारभर गप्प होता. आणि चौघांपुरताच आहे.

उगाच_आपलं

सगळं परदेशी. आपला सारीपाट, मोक्षपट, सागरगोटे कुणाला आठवत नाहीत.

श्टुटगार्टकर

आठवतात हो. पच्चीशी साहेबाने नेली आणि १८९६ मध्ये लुडो म्हणून तिचं पेटंट घेतलं. जर्मनीत तीच १९१४ पासून वेगळ्या नावाने विकली जाते. त्या नावाचा अर्थ 'माणसा, चिडू नकोस'. इथल्या कुठल्याही आजीच्या कपाटात तो डबा असतो. मी एकदा शेजारच्या आजींना सांगितलं की हा आमचा खेळ आहे. त्या म्हणाल्या, "असेल, पण फासे माझे आहेत," आणि माझी सोंगटी मारली.

चिंच_गूळ

धागा वाचतेय मघापासून. नऊ माणसं म्हणताय आणि सगळे चार-पाच जणांचे खेळ सुचवतायत! दोन गट पाडून खेळायचा 'कोडनेम्स' कसा कुणी सांगितला नाही? २०१५ चा, पुढच्या वर्षी लाल सोंगटी मिळालेला. मूळ डब्यात इंग्रजी शब्द आहेत. आम्ही ते बाजूलाच ठेवले आणि मराठी केला. खर्च शून्य.

जुन्या लग्नपत्रिका कापून दोनशे चिठ्ठ्या केल्या, स्केचपेनने मोठ्या अक्षरांत एकेक शब्द. त्यातल्या २५ टेबलावर, पाच ओळी पाच रांगा. दोन्ही गटांचा एकेक म्होरक्या समोर बसतो. त्या दोघांनाच दिसेल असा एक पंचवीस घरांचा कागद: ९ घरं एका गटाची, ८ दुसऱ्याची, ७ कुणाचीच नाहीत आणि १ काळं. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा. 'फळ, तीन' म्हटलं की आपल्या गटाने तीन चिठ्ठ्या शोधायच्या. काळ्यावर बोट ठेवलं की तिथल्या तिथे हरलात.

आता शब्द निवडताना खरी मजा आहे, आणि इथे मराठी इंग्रजीच्या चार पावलं पुढे जाते. पान, कळ, हार, वर, माळ, तार, चाल, मान, रस, पूर, कर, नाव, धडा, पाट, सूर. प्रत्येकाला दोन तरी अर्थ हवेत. कलिंगड, टेबल असले शब्द घेऊ नका, खेळ मरतो. 'पूर' म्हणजे नदीचाही आणि सोलापूर-कोल्हापूरचाही. 'पाट' बसायचा, पाण्याचा आणि पाट लावतात तो. आमचे साबु (सासरेबुवा) पहिल्यांदा म्होरके झाले तेव्हा बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, "नारद, दोन." कळ आणि तार! साबांनी (सासूबाईंनी) एका सेकंदात दोन्ही ओळखले. चाळीस वर्षांचा संसार असाच नाही झालेला.

उलटंही होतं. मी 'लग्न, तीन' म्हटलं. मला वर, हार आणि पाट हवे होते. नवऱ्याने वर घेतला, हार घेतला, आणि मग अगदी विश्वासाने 'माळ'वर बोट ठेवलं. तेच काळं होतं. वरमाला, म्हणे. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा त्याच्या चेहऱ्यावर तेवढा आत्मविश्वास नाही.

दोन नियम आमचे आम्ही केलेत. टेबलावर 'पान' असेल तर 'पानसुपारी' चालणार नाही, 'विडा' चालेल. आणि म्होरक्याने चेहरा दगडाचा ठेवायचा. साबा हा दुसरा नियम पाळत नाहीत, पण त्यांना कोण सांगणार?

तीनशे_चार

चिंचगूळ, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

खडूस_खार

'नारद, दोन' भारी आहे. यादी टाका ना सगळी.

चिंच_गूळ

यादी देणार नाही. शब्द शोधायलाच आमची एक आख्खी दुपार गेली आणि तीच सगळ्यात छान होती. तुमच्या तुम्ही काढा.

पेरूची_फोड

सगळ्यांचे आभार. तिकीट टू राइड आणि द क्रू मागवते. लग्नपत्रिकांचा गठ्ठा आईकडे आहेच, ती १९८० पासूनच्या पत्रिका टाकत नाही. श्टुटगार्टकर, एक शंका. नियम समजावून सांगताना लोक उठून जाऊ नयेत म्हणून काय करता?

श्टुटगार्टकर

आदल्या रात्री एकटा खेळतो, दोन्ही बाजूंनी. मग पाहुण्यांसमोर पुस्तक उघडतच नाही. आधी जिंकायचं कसं ते सांगायचं, मग आपल्या पाळीत काय करता येतं ते, आणि लगेच सुरू. बारीकसारीक नियम जेव्हा आडवे येतील तेव्हा. पहिला डाव मोजायचा नाही असं आधीच जाहीर करून टाकायचं.

खडूस_खार

आणि नियम सांगणाऱ्याने त्या पहिल्या डावात जिंकायचं नाही. जिंकलात तर दुसऱ्या डावाला कुणी बसत नाही. अनुभवाचे बोल.

पेरूची_फोड

वृत्तांत. काल सगळे आपापल्या गावी परतले, म्हणून आता लिहायला वेळ मिळालाय.

तिकीट टू राइड आठ वेळा मांडला गेला. पहिल्याच डावात लेकीने सहाचा एक टप्पा तिच्या मामाच्या नाकासमोरून उचलला. तो पंधरा मिनिटं पिवळी पानं साठवत होता, तिला फक्त रंग आवडला होता. नवऱ्याने फोन काढला नाही. शेवटपर्यंत तिकिटं उघड होत नाहीत, त्यामुळे आपण हरतोय हे त्याला कळतच नाही, हे त्या खेळाचं मोठं सामर्थ्य आहे. नकाशावरची शहरं आईला सापडायची नाहीत, मग भाच्याने तिला तिकीट बघून नुसती बोटाने दोन ठिकाणं दाखवायची असं ठरलं. त्याला तिची तिकिटं माहीत असायची, आणि त्याने ती गोष्ट स्वतःसाठी वापरली असा तिला शेवटपर्यंत संशय आहे.

द क्रू मात्र आईनेच चालवला. तिला मोहिमा, अंतराळ यात काडीचा रस नव्हता. 'कुणाचं कुठलं पान' एवढंच विचारायची. न बोलण्याचा नियम तिने अक्षरशः पाळला. तोंड बंद, पण चुकीचं पान पडलं की पाटल्या अशा वाजायच्या की पुढचा हात टाकताना बोटं थरथरायची. अकराव्या मोहिमेपर्यंत पोचलो. भाऊबीजेच्या रात्री एक वाजता तिनेच परत पानं पिसायला घेतली. भावजय म्हणाली, मला पाटल्यांपेक्षा भांडण परवडलं.

मराठी कोडनेम्सचे शब्द काढताना चिंचगूळ म्हणाली तसंच झालं, वसुबारसेची अख्खी संध्याकाळ गेली. 'वाट' घ्यायचा की नाही यावर मतदान झालं. पत्रिकांच्या मागे कोऱ्या बाजूला लिहिलं, त्यामुळे चिठ्ठी उलटी पडली की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'चे तुकडे दिसतात आणि मग हे कुणाचं लग्न होतं यावर दहा मिनिटं जातात.

शेवटच्या रात्री नवरा म्होरक्या होता. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ब्रास, दोन."

लेकीने लगेच 'माळा' आणि 'धूळ' वर बोट ठेवलं. दोन्ही बरोबर.

खडूस_खार

ब्रास विकणार का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.